कोल्हापुरात मुलीच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी सहा लाखांचं कर्ज काढावं का, की तिला बीसीएसला घालावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला ८४ पर्सेंटाइल आहेत, गाव गारगोटीजवळ आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. एजंट म्हणतो, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) काही चांगलं लागणार नाही, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट आत्ताच धरून ठेवा, चार वर्षांचे सहा लाख होतील. पाहुणे म्हणतात, बीसीएसला (म्हणजे बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला) घाला.

आधी एवढंच सांगते की ती सीट धरू नका. कॅपच्या फेऱ्या पूर्ण होईपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नका.

कारण सरळ पैशाचं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. त्याआधी ही सवलत निम्मी होती. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या किंवा संस्थास्तरावरच्या प्रवेशाला ती लागू होत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणजे एजंट तुम्हाला जी सीट देतोय, ती घेतली की तुमच्या मुलीचा हा हक्कच जातो. त्याच वर्गात, त्याच बाकावर, तेच सर शिकवत असताना एका मुलीचं शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीच्या बापावर सहा लाखांचं कर्ज, असं प्रत्यक्षात होतं आणि ते बघून माझा जीव तुटतो.

कर्जाचा हिशेबही मांडून बघा. दरवर्षी दीड लाख उचललेत आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिकत असतानाची चार वर्षं आणि पुढचं हप्ते नसलेलं एक वर्ष, एवढ्यात साध्या व्याजानेच दोन लाख दहा हजार चढतात. पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर आठ लाखांच्या वर रक्कम असते. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचा फ्रेशरचा पगार मात्र गेली कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय. त्यात पुण्यातली खोली आणि मेस भागवून हप्ता भरायचा.

शुल्क माफ झालं तरी डेव्हलपमेंट फी, राहणं, जेवण हा खर्च उरतोच, तो धरून चाला. राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच होतो. कोल्हापूर या बाबतीत नशीबवान आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली, म्हणून तर खेड्यातली पोरं इथे शिकू शकली. मुलींसाठी कोणत्या वसतिगृहात जागा आहेत ते निकालानंतर लगेच फिरून बघा, उशीर झाला की फक्त महागड्या खोल्या उरतात.

आता दर्जाचं. मी स्वतः कोल्हापुरात बीसीएस केलं, मग शिवाजी विद्यापीठातून एमसीए (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी), काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता इथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फ्रेशर मुलांच्या मुलाखती मी घेते. फी आणि मुलाला येणारं काम यांचा मला तरी काही मेळ दिसलेला नाही. तालुक्याच्या साध्या कॉलेजातून बीसीएस केलेली एक मुलगी आली होती. प्रोजेक्ट म्हणजे गावातल्या दूध संस्थेचं बिल. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) नोंदवायचं, दरपत्रकावरून दर काढायचा, दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल छापायचं. मी विचारलं, मधेच दर बदलला तर काय होतं? ती लगेच म्हणाली, "मॅडम, तिथंच घोळ झाला होता. संघानं दर वाढवला तशी मागची वाटलेली बिलंसुद्धा प्रोग्राममध्ये वाढून दिसायला लागली." मग तिने दरपत्रकाला 'या तारखेपासून लागू' असा रकाना जोडला आणि प्रत्येक नोंदीला त्या दिवशीचा दर लावला. डेटाबेसचं पुस्तक ज्यासाठी लिहिलेलं असतं, ते तिला दूध संस्थेच्या सेक्रेटरीसमोर बसून कळलं होतं. त्याच आठवड्यात भरपूर फी भरून इंजिनिअरिंग केलेला एक मुलगा आला. प्रोजेक्ट चेहरा ओळखून हजेरी लावण्याचा. हजेरी साठते कुठे, हे त्याला सांगता येईना, कारण प्रोजेक्ट तयार विकत आणलेला होता. मुलगा हुशार होता, पण चार वर्षांत त्याला कोणी समोर बसवून प्रोग्राम लिहायला लावलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून कॉलेजची इमारत, एसी सेमिनार हॉल आणि प्लेसमेंटचे फ्लेक्स बघू नका. एक दिवस काढून मुलीसोबत कॉलेजात जा आणि सेकंड इयरच्या लॅबच्या दारात उभे राहा. एका मशीनवर किती जण बसलेत? सर फिरून चुका दाखवतायत, की मुलं जर्नलमध्ये जुना प्रोग्राम उतरवून काढतायत? तास संपल्यावर लॅब उघडी असते का? डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे तासाच्या मानधनावर), आणि गेल्या वर्षीही तेच होते का? सीएचबीवरचे प्राध्यापक कमी शिकवतात असं अजिबात नाही, त्यांतले कित्येक जीव ओतून शिकवतात. पण तुटपुंज्या मानधनावर ते टिकत नाहीत, आणि दर सहामाहीला माणूस बदलला की भोगतात मुलं. हे सगळं ऑफिसात कोणी सांगणार नाही, कँटीनमध्ये थर्ड इयरच्या मुलींना विचारलं की दहा मिनिटांत कळतं.

हे २०२४ पासून जास्तच महत्त्वाचं झालंय. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, आणि कॉम्प्युटरच्या जागा वाढत सुटल्या. वीस मुलांमागे एक शिक्षक हा नियम कागदावर आहे, पण कॉम्प्युटर शिकवणारी चांगली माणसं एका वर्षात कुठून आणणार? एनबीए मानांकनही (शिकवण्याच्या दर्जाची अधिकृत पावती) शाखेला मिळतं, कॉलेजला नाही. 'आमचं कॉलेज एनबीए' असं सांगितलं तर कोणत्या शाखेचं ते विचारा. एआय किंवा डेटा सायन्सची शाखा नवी असेल तर तिच्या बॅचेस बाहेर पडल्याशिवाय तिला ते मिळूच शकत नाही. नावात एआय आहे म्हणून ८४ पर्सेंटाइलची पसंती तिथे वाया घालवू नका. साधं कॉम्प्युटर, आयटी किंवा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) चांगल्या ठिकाणी मिळत असेल तर मी ते आधी लिहीन.

बीसीएसला हलकं समजू नका. फी बरीच कमी, गणित आणि प्रोग्रामिंग पहिल्या वर्षापासून, आणि पुढे दोन वर्षांचं एमसीए करता येतं. एक अडचण खरी आहे, काही मोठ्या कंपन्या बीएस्सीवाल्यांना वेगळ्या, कमी पगाराच्या भरतीतून घेतात. ती एमसीएने बऱ्याच अंशी भरून निघते. शिवाय २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलीय, त्यामुळे बीसीएस करता करता आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी करणं शक्य आहे. त्याला अभ्यास मात्र दांडगा लागतो, मुलीची तयारी असेल तरच. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत आणि आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. इंग्रजीची धास्ती असेल तर तिथून सुरुवात करू द्या.

माझं मत विचाराल तर: कॅपमधून, शुल्कमाफीसह, लॅब बघून पटलेलं कॉलेज मिळालं तर इंजिनिअरिंग. नाही मिळालं तर बीसीएस आणि मग एमसीए. कर्ज काढून मॅनेजमेंट सीट हा पर्याय मी यादीतच ठेवणार नाही.

या आठवड्यात उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि लागू असेल ते नॉन क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र तहसीलमधून काढायला टाका, ऐन गर्दीत सर्व्हर बसतो. ऑप्शन फॉर्म मुलीला स्वतः भरू द्या आणि क्रम विचार करून लावा, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. कोणी मंजूर फीपेक्षा जास्त मागितली तर शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचा आकडा काढून समोर ठेवा. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी मंजूर फीच्या वर उकळलेले पैसे, घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि त्या एजंटाकडे मुलीची मूळ मार्कलिस्ट किंवा एलसी दिली असेल, तर उद्याच जाऊन ती परत आणा.