तिथं ते कुणाचे?

“ताई, बाकी काही नको. एवढंच सांगा, तिथं ते कुणाचे?”

विचारणाऱ्या बाई ६४ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) पती जाऊन आठ महिने झाले होते. त्यांची पहिली पत्नी तरुणपणीच वारली, तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. त्या मुलाला बाईंनी वाढवलं, ३६ वर्षं संसार केला. कबरस्थानात कुटुंबाची जागा होती तिथेच, पहिलीच्या शेजारी, पतीची माती झाली. त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. पुढे मंडळीच्या (चर्चच्या) बायबल अभ्यासात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २२वा अध्याय निघाला: पुनरुत्थानानंतर माणसं लग्न करत नाहीत, लग्न करून देत नाहीत, स्वर्गातल्या देवदूतांसारखी असतात. शेजारची कुणीतरी सहज म्हणाली, “म्हणजे तिथं नवराबायको काही नसतंच.” त्या रात्रीपासून बाईंची झोप गेली.

ही काळजी ख्रिस्ती घरांत फार जुनी आहे. विधवा विचारतात, दुसरेपणाच्या बायका विचारतात, दोनदा लग्न झालेले पुरुषही विचारतात. उलट ज्या बाईनं आयुष्यभर मार खाल्ला, ती हेच वचन ऐकून सुटकेचा श्वास सोडते. म्हणून वचनाचा अर्थ सांगण्याआधी ते कुणाच्या कानावर पडलं आहे, हे पाहावं लागतं.

समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीत बायबल उघडलंच नाही. उत्तर लवकर दिलं की माणूस मान हलवतो, आभार मानतो आणि दुखणं तसंच घेऊन घरी जातो. त्या ५० मिनिटांत विचारलं ते झोप, जेवण आणि औषधांबद्दल. बोलता बोलता बाई म्हणाल्या, “देवानं आता लवकर न्यावं.” आपल्याकडे हे वाक्य थकलेलं कुठलंही माणूस बोलतं, त्यामुळे ते ऐकून सोडून देण्याची चूक हमखास होते. सरळ विचारावं: स्वतःहून जावं असं मनात येतं का? कसं, कधी, काही ठरवलं आहे का? विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. बाईंनी काही ठरवलेलं नव्हतं. पण रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी १५ दिवसांपासून बंद केल्या होत्या. “घ्यायच्या कशाला?” एवढंच म्हणाल्या. हाही जाण्याचाच एक सावकाश मार्ग असतो. त्यांच्या परवानगीनं मुलीला कळवलं, त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट झाली. रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर लावायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मुलीनं मोठ्या आकड्यांत लिहून फोनजवळ चिकटवला.

गाठ कुठे होती ते तेव्हा दिसलं. बाईंना पतीकडे जायचं होतं आणि तिथे पहिली असेल म्हणून जायची भीतीही वाटत होती. इथेही मन लागेना, तिकडचीही ओढ धरवेना.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी स्वतःचं बायबल आणलं. कव्हरच्या आतल्या खिशात पतीचा चष्मा होता. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला आणि मग वाचायला घेतलं. त्यांना एकच काम दिलं: प्रश्न कोण विचारतंय आणि कशासाठी, ते शोधा. शिक्षिकेला हे जमणारच. येशूला विचारणारे सदूकी, पुनरुत्थान न मानणारा यहुदी गट. त्यांची गोष्ट सात भावांची: थोरला निपुत्रिक मेला, नियमशास्त्राप्रमाणे दुसऱ्यानं त्याच्या बायकोशी लग्न केलं, तोही मेला, असे सातही गेले. मग ती सातांपैकी कुणाची? बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या २५व्या अध्यायातला हा नियम मेलेल्या भावाचं नाव बुडू नये म्हणून होता. त्या बाईला काय वाटलं, हे सदूकी विचारत नाहीत. ती कुणाच्या नावावर लागते, एवढाच त्यांचा हिशेब.

बाई थांबल्या. “माझाही प्रश्न तोच झाला की. फक्त मी त्यांना कुणाच्या तरी नावावर लावतेय.”

मग लूकच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय. तिथे येशू कारणही देतो: ते पुढे मरू शकत नाहीत. मरण नाही म्हणून वंश चालवण्याची गरज नाही, आणि त्या गरजेपोटी उभी राहिलेली सोयरीकही नाही. प्रेम पुसलं जातं, असं एकही अक्षर तिथे नाही. उलट पुढच्याच ओळींत येशू निर्गम ३ची आठवण देतो: देव अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा, आणि तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. ज्या उताऱ्यानं बाईंची झोप उडवली, त्यातच तीन माणसं शेकडो वर्षांनीही आपापल्या नावानं देवापाशी जिवंत आहेत. हे शेवटपर्यंत वाचलं जात नाही. अभ्यासवर्गात वेळ संपतो आणि वचन अर्ध्यावर तुटतं.

“पण ओळखतील का?” हा तिसऱ्या बैठकीचा प्रश्न. बाईंच्या डोळ्यांपुढचा स्वर्ग म्हणजे पांढऱ्या झग्यांतली एकसारखी माणसं, ढग, न संपणारं गाणं. हे चित्र कॅलेंडरवरून आलेलं असतं. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा शरीराच्या पुनरुत्थानात आहे. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, त्यानं शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. मग्दालीया मरीयेला तो आधी माळी वाटला, “मरीये” अशी हाक ऐकताच तिनं ओळखलं. अम्माऊसच्या वाटेवर दोघं मैलोगणती त्याच्याबरोबर चालले तरी त्यांना कळलं नाही, त्यानं भाकर मोडली तेव्हा डोळे उघडले. म्हणजे ओळख राहते, पण नेहमी चेहऱ्यानंच पटते असं नाही. प्रेषित पौल १ करिंथ १५मध्ये बी आणि रोपाचा दाखला देतो: दिसायला वेगळं, पण त्याच बियाचं. प्रकटीकरण ७मधला समुदाय मोजता न येण्याएवढा, तरी तो सर्व राष्ट्रांचा, वंशांचा आणि भाषांचा आहे हे ते दर्शन पाहणाऱ्या योहानाला कळतं. आणि २१व्या अध्यायात माणसं वर जाऊन संपत नाहीत, नगरी खाली उतरते, नवी पृथ्वी होते. “म्हणजे मराठी चालेल,” बाई म्हणाल्या. आठ महिन्यांत मुलीनं त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

याच बैठकीत कागदावर तीन रकाने आखून दिले. पहिल्यात शास्त्र स्पष्ट सांगतं ते. दुसऱ्यात त्यावरून मंडळीनं काढलेला अर्थ. तिसऱ्यात आपली इच्छा. अश्रू पुसले जातील, मरण नसेल, हे पहिल्यात. आपली माणसं ओळखू येतील, हे दुसऱ्यात, आणि त्याला आधार भक्कम आहे. तिथे आमचं घर असेल, अंगणात तोच जांभूळ असेल, हे तिसऱ्यात. तिसरा रकाना खोडायचा नसतो, देवापुढे इच्छा मांडायला कुणाची ना नाही. मात्र तिसऱ्यातली गोष्ट पहिल्यात घातली की पुढे एखादं वचन ऐकताच सगळंच कोसळतं. सांत्वनाच्या भरात “तुमचा संसार तिथे पुन्हा सुरू होईल” असं सांगणारे नेमकं हेच करतात.

दुसरी चूक रडू न देण्याची. “प्रभूकडे गेलेत, रडता कशाला?” हे बाईंना माती झाल्यापासून ऐकावं लागलं होतं. १ थेस्सलनीका ४मध्ये पौल शोक करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. आणि मेलेल्या मित्राला, लाजराला, थोड्याच वेळात उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. दुःखाला ठरीव मुदत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात रेंगाळलेल्या दुःखाच्या विकारासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, पण नुसते महिने मोजून चालत नाही. रोजचं जगणं अडतंय का, आणि समाजाच्या रीतीपलीकडे गेलंय का, हेही बघावं लागतं.

वसईची कॅथलिक बाई हाच प्रश्न घेऊन आली, तर वचनं तीच वाचता येतील, पण तिच्याकडे मृतांसाठीची मिस्सा आहे, २ नोव्हेंबरचा दिवस आहे, मरणानंतरच्या शुद्धीकरणाची शिकवण आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थनेची रीत सहसा नाही. एकीचं उत्तर दुसरीच्या माथी मारू नये, ज्या मंडळीत ती उद्या उपासनेला बसणार तिच्याच शब्दांत बोलावं.

चौथी बैठक पहिल्या पत्नीची. तिचा फोटो इतकी वर्षं ट्रंकेत होता, हे बाईंनी खाली मान घालून सांगितलं. “तिचं पोर मी वाढवलं. ती मला काय म्हणेल?” इथे कुठलंच वचन पुढे केलं नाही. उलट विचारलं, तुम्हाला तिला काय सांगायचंय? उत्तर पत्रात लिहून आणायचं ठरलं. पाचव्या बैठकीला दोन पानं आली. त्यात मुलाचे गोवर, दहावीचे गुण, त्याचं लग्न, सगळं क्रमानं होतं. पत्र वाचून झाल्यावर बाईंनी तीन रकान्यांचा कागद मागितला आणि तिसऱ्या रकान्यात खाली लिहिलं: आम्ही तिघं बसून बोलू.

“हे पेनानं लिहू की पेन्सिलीनं?”

पेन्सिल हातात होतीच. त्यांनी तेच पुन्हा एकदा, थोडं ठसठशीत गिरवलं. वर्षाच्या स्मरण उपासनेला पाळकसाहेबांनी दोघी पत्नींची नावं घ्यावीत, असं त्यांनी मुलाकरवी कळवलं. गोळ्या चालू आहेत.