भीती नाही, एकटीने फिरायची लाज वाटते

“मॅडम, मला मुंबईची भीती वाटत नाही. एकटीने फिरायची लाज वाटते.” सत्तेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकेने पहिल्याच भेटीत उच्चारलेले हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले, कारण ही तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत वारंवार येते आणि बहुतेक जण, विशेषतः स्त्रिया, लाजेला भीतीचे नाव देऊन मोकळ्या होतात. हा अनुभव मी त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. शाळेतली मुले त्यांना ‘बाई’ म्हणतात. मीही येथे तसेच म्हणते.

बाई सोलापूरच्या. मुलगी नोकरीनिमित्त गोरेगावला राहते आणि मे महिन्याच्या सुट्टीत बाई तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे आल्या होत्या. मुलगी सकाळी नऊला बाहेर पडे ती रात्री आठला परते. मधले अकरा तास बाई तिचे कपाट आवरण्यात आणि खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे पाहण्यात काढत. “आई, एवढी मुंबई पडली आहे, फिरून ये की,” असे मुलगी रोज म्हणे. बाई दोनदा निघाल्याही. एकदा स्टेशनच्या पुलावरून परत आल्या. दुसऱ्यांदा एका उडुपी हॉटेलच्या दारापर्यंत गेल्या, आतली टेबले भरलेली पाहिली, शेजारच्या गाडीवरून वडापाव बांधून घेतला आणि तो घरी आणून, दार लावून खाल्ला. हे सांगताना त्या हसल्या. पण ‘दार लावून’ हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले.

अशा वेळी आधी एक गोष्ट तपासावी लागते. घराबाहेर पडण्याच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडणे, घाम फुटणे, गर्दीत जीव घुसमटणे असे महिनोन्‌महिने होत असेल आणि त्यामुळे रोजचे व्यवहारही अडत असतील, तर तो चिंतेचा विकार असू शकतो आणि तेथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यायला हवी. बाईंचे तसे काही नव्हते. त्या एकट्या बँकेत जातात, मंडईत जातात, शाळेच्या कामासाठी एसटीने पुण्याला जाऊन येतात. काम नसताना, केवळ स्वतःच्या आनंदासाठी कुठे जायचे म्हटले की मात्र त्यांचा पाय मागे येई.

नेमकी हीच गोष्ट रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन या दोन अमेरिकी संशोधिकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडली आहे. किराणा आणण्यासारखे काम एकट्याने करताना माणसाला काही वाटत नाही. सिनेमा पाहणे किंवा हॉटेलात जेवणे अशी मौज एकट्याने करायला मात्र तो कचरतो, कारण ‘याला कुणी सोबतीच नाही’ असे बघणाऱ्यांना वाटेल, असे त्याने आधीच धरून ठेवलेले असते. याच अभ्यासात काही जणांना थोड्या वेळासाठी एका कलादालनात पाठवण्यात आले. एकट्याने जाणाऱ्यांचा अंदाज होता की आपल्याला कमी मजा येईल. प्रत्यक्षात त्यांना सोबतीने गेलेल्यांइतकीच मजा आली. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, “म्हणजे तिकडेही हे आहेच होय!” त्यांचे खांदे थोडे सैल झाले.

मी त्यांना वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे भीती आणि उजवीकडे लाज लिहायला सांगितली. डावीकडच्या प्रत्येक ओळीला उत्तर होते आणि ती उत्तरे मुलीनेच अर्ध्या तासात भरली. सकाळी अकराच्या पुढची लोकल घ्यायची आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी परतायचे; इंडिकेटरवर स्लो की फास्ट ते पाहूनच चढायचे; महिलांच्या डब्यातून प्रवास करायचा; पैसे दोन ठिकाणी ठेवायचे; मोबाइलवरून मुलीला लोकेशन पाठवून ठेवायचे; मदतीसाठीचा ११२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक पाठ असू द्यायचे. ही सावधगिरी मी कमी लेखत नाही. परक्या शहरात एकट्या स्त्रीने ती बाळगावीच. पण एकदा ती बाळगली की डावा रकाना तेथे संपतो.

उजवीकडे बाईंनी लिहिले होते: ‘वेटर विचारेल, किती जण?’, ‘फोटो कोण काढणार?’, ‘सोलापूरचे कुणी भेटले तर काय सांगू?’ खाली आणखी एक ओळ होती. ती त्यांनी शाईने पुरती गिरवून टाकली होती. मी त्या दिवशी तिच्याबद्दल विचारले नाही.

येथे माझी एक चूक झाली. पहिली पायरी सोपी असावी म्हणून मी त्यांना रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तासभर बसून यायला सांगितले. भोवती सगळी जोडपी आणि आइस्क्रीम खाणारी कुटुंबे! बाई वीस मिनिटांत उठल्या आणि आल्या त्यापेक्षा जास्त खट्टू होऊन घरी गेल्या. जागा योग्य होती, दिवस आणि वेळ अयोग्य होती. जेथे एकटे असणे हीच रीत आहे, अशा ठिकाणी आणि अशा वेळी सुरुवात करायला हवी, हे मला आधीच सुचायला हवे होते.

आणि मुंबईत तशा जागा हुडकाव्या लागत नाहीत. या शहराची पोटपूजेची व्यवस्थाच मुळी एकट्याने आलेल्यांसाठी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत कामाला आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि गिरणगावातल्या बायकांनी चालवलेल्या खाणावळींत जेवत. याच खाणावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. इराण्याच्या हॉटेलात किंवा उडुप्याकडे अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीवर बसून मुकाट्याने जेवणे, ही त्याच सवयीची पुढची पिढी आहे. बाई इतिहास शिकवतात, त्यामुळे माझ्या कोणत्याही दिलाशापेक्षा हे त्यांना जास्त पटले.

पुढच्या मंगळवारी त्या चर्चगेटला उतरल्या. ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेल्या, जेथे एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती आहेत, समोरच्या बाजूला गोलाईदार गच्च्यांच्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे, आणि या दोन्हींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. राजाबाई टॉवरखाली त्या बराच वेळ रेंगाळल्या. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावासाठी या मनोऱ्याला पैसा दिला, हे त्यांना ठाऊक होते. मे महिन्याच्या उन्हात फार चालणे शक्य नव्हते, म्हणून जहांगीर कलादालन ठरले होते. तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि चित्रांसमोर हात मागे बांधून एकटीच उभी असलेली माणसे तेथे नेहमी दिसतात.

मग फोर्टातल्या एका उडुप्याकडे, दुपारी एक वाजता, ऐन कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. बाईंच्याच शब्दांत सांगते. “वेटरने नुसते बोट वर केले. एक? मी मान हलवली. त्याने एका माणसासमोर बसवले. गळ्यात ओळखपत्र, आणि ते ताटात जाऊ नये म्हणून शर्टाच्या खिशात खोचलेले. तो दहीभात कालवत होता. त्याने मान वर केली नाही, फक्त पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला. मी राइस प्लेट मागवली. पापड मोडला तेव्हा केवढा आवाज झाला असे मला वाटले. पण कुणी पाहिले नाही. मॅडम, माझे जेवण होईपर्यंत समोरची दोन माणसे बदलली. मी आहे हे कुणाच्या गावीही नव्हते. खरे सांगू? आधी जरा अपमानच वाटला!”

आम्ही दोघीही खूप हसलो. स्वतःकडे कुणी पाहू नये असे वाटणे आणि कुणी पाहिले नाही म्हणून खट्टू होणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदतात. मी त्यावर काही भाष्य केले नाही.

परतताना घोटाळा झालाच. त्या चुकून बोरिवली फास्टमध्ये चढल्या आणि अंधेरीनंतर गाडी थेट बोरिवलीलाच थांबली. गोरेगाव डोळ्यांदेखत मागे गेले. डब्यात क्लिपा आणि कानातले विकणाऱ्या बाईने, मालाची पिशवी सावरत, त्यांना धीर दिला आणि उतरल्यावर उलट दिशेची स्लो कशी पकडायची ते सांगितले. कांदिवली, मालाड, गोरेगाव. सगळे मिळून अर्धा तास जास्त लागला. डाव्या रकान्यातली एक भीती खरी होऊन गेली होती, आणि रात्री मुलीला हा प्रकार सांगताना त्यांनी क्लिपांचा जोडही दाखवला.

तिसऱ्या भेटीत त्यांनी आपणहून त्या गिरवलेल्या ओळीचा विषय काढला. तेथे लिहिले होते, ‘मजा आली तर?’ यजमान एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. “हे मुंबईला आले ते फक्त लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्याला. मग मी एकटीने हिंडायचे आणि वर खूशही व्हायचे?” लाजेच्या तळाशी हे होते. अशी अपराधीपणाची भावना युक्तिवादाने जात नाही, असा माझा अनुभव आहे. ‘तुम्हालाही हक्क आहे’ असे म्हटले की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा कपाट आवरू लागतो. म्हणून मी एवढेच विचारले, की रात्री फोनवर तुमचे काय बोलणे होते. ते विचारतात, जेवलीस का. या म्हणतात, हो. आणि फोन ठेवला जातो. त्याऐवजी दिवसभरात पाहिलेली एक तरी गोष्ट त्यांना सविस्तर सांगायची, असे आम्ही ठरवले.

बाईंनी पहिल्या दिवशी आर्ट डेको इमारतींचे वर्णन केले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग यजमानांनी विचारले, “गोरेगाव ते चर्चगेट तिकीट केवढे?” दुसऱ्या दिवशी त्यांनी लोकलला कंडक्टर नसतो तर फुकटे कसे पकडतात ते विचारले. तिसऱ्या दिवसापासून फोन तेच लावू लागले.

दिवाळीच्या आधी बाईंचा मला फोन आला. सुट्टीत पुन्हा येणार होत्या. मुलगी म्हणत होती, या वेळी मी रजा काढते, आपण दोघी फिरू. “मी म्हटले, तुझी रजा राहू दे, आपण रविवारी जाऊ कुठेतरी. मंगळवारी मी गेटवेवरून लाँचने घारापुरीची लेणी पाहून येते. सोमवारी बंद असतात. आणि ह्यांनी लाँचचे तिकीट केवढ्याला पडते ते विचारून ठेवायला सांगितले आहे.”