ओपन बॅफल स्पीकर (खोक्याशिवाय, नुसत्या फळीवर बसवलेले) मागच्या भिंतीपासून किती लांब ठेवावेत आणि खोक्याच्या स्पीकरशी तुलना कशी करावी?
मागच्या भिंतीपासून किमान १ मीटर, जमल्यास दीड मीटर पुढे ठेवा. बाजूची भिंत जवळ असली तरी चालते, कारण बॅफलच्या म्हणजे फळीच्या रेषेत, बाजूला, पुढची आणि मागची लाट एकमेकींना मारतात. मागे जाणारा आवाज उलट फेजमध्ये असतो, म्हणजे पुढची लाट हवा ढकलते तेव्हा मागची ओढते. १ मीटरवरच्या भिंतीवरून तो सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा परततो, तेव्हा कान त्याला खोलीचा आवाज समजतो. भिंत ३० सेंटिमीटरवर आली की गायकाचा आवाज धूसर होतो, बासही पडतो. तुलनेआधी ऐकायच्या जागी पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) लावून दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, नाहीतर मोठी वाजणारीच सरस वाटणार. फक्त दोन्ही एकाच खुणेवर ठेवून तोलू नका: बऱ्याच खोक्याच्या स्पीकरना भिंतीचा आधार मानवतो, ओपन बॅफलना अजिबात नाही.