‘बरं वाटतंय’ हे मोजण्यात करिअर आहे का?

नमस्कार,

तुमची मुलगी बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दवाखाना न टाकता ‘पेशंटला स्वतःला किती फरक पडला’ यावर संशोधन करायचं म्हणते. नुसते फॉर्म भरून घ्यायला डॉक्टर कशाला हवा, असं तुम्ही विचारलंय.

फॉर्म भरणं सोपं, तो तयार करणं कठीण. गुडघेदुखीच्या संशोधनात वोमॅक ही २४ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात मोजे घालणं, गाडीत चढणं-उतरणं यांबद्दल विचारलेलं असतं. आपल्याकडच्या आजींना मात्र मांडी घालून किंवा उकिडवं बसता येतं का, हे विचारावं लागतं. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने तसे बदल केले. आयुर्वेदिक औषधांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या गुडघेदुखीवरच्या गोळ्यांशी तुलना करणाऱ्या ४४० रुग्णांच्या चाचणीत ही बदललेली प्रश्नावली वापरली. निकाल २०१३ साली आले.

पण नुसत्या सांगण्यावर विसंबूनही चालत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दम्याच्या रुग्णांना कधी खरा इनहेलर दिला, कधी खोटा, कधी खोटं अॅक्युपंक्चर. तिन्ही वेळा रुग्णांनी जवळजवळ सारखाच आराम सांगितला. पण यंत्रात फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजल्यावर खऱ्या औषधाने सुमारे २० टक्के सुधारणा दिसली, बाकी दोन्हींनी ७ टक्क्यांच्या आसपास. दम्यात असा गैरसमज जिवावर बेतू शकतो. तेव्हा ‘आयुर्वेद सिद्ध करून दाखवायचाय’ या भावनेने ती इकडे येत असेल, तर माझ्या मते आत्ताच थांबलेलं बरं.

तशी नसेल तर पदवी हातची सोडू नये. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची, म्हणजे सीसीआरएएसची, ‘स्पार्क’ योजना बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. एक छोटा प्रकल्प करून बघू द्या. पुढे एआयएपीजीईटी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन एमडी, किंवा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. एमपीएचची पात्रता संस्थेगणिक बदलते, ती आधी तपासा. कोणतीही वाट धरली तरी संख्याशास्त्र टळत नाही. सुरुवातीची नोकरी बहुधा प्रकल्पापुरती, कंत्राटी असते. चांगल्या चाललेल्या दवाखान्याची कमाई त्यात नाही.

या सुट्टीत तिला रुग्णांवरच्या उपचार-चाचण्यांची भारतीय नोंदणी, म्हणजे सीटीआरआयची वेबसाइट उघडायला सांगा. फुकट आहे. आयुर्वेदाच्या काही चाचण्या निवडून प्रत्येकीत मुख्य निष्कर्ष म्हणून नेमकं काय मोजलंय, ते वहीत लिहू दे. पहिल्या पाचांतच कंटाळली, तर मला पुन्हा लिहा.