टायफॉइडमधून उठलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती घरच्या आहारातून कशी भरून येईल?

आपण लिहिले आहे की आपल्या १९ वर्षांच्या मुलाला वसतिगृहात असताना टायफॉइड झाला, १४ दिवसांची अँटिबायोटिक्स पूर्ण झाली आणि ताप जाऊन तीन आठवडे लोटले. परंतु वजन सहा किलोंनी उतरले आहे, पोट फुगते, शौचाला कधी पातळ तर कधी मुळीच होत नाही आणि एवढ्यात दोनदा सर्दीखोकलाही झाला. पावडरी आणि गोळ्यांच्या मागे न लागता, पोट सुधारून आणि घरच्या अन्नावर त्याची प्रतिकारशक्ती परत आणता येईल का, असे आपण विचारले आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून २२ वर्षे रुग्णालयात काम केले आहे, आणि माझ्या धाकट्या भावाचे याच दुखण्यानंतरचे पथ्यपाणी मी स्वतः सांभाळले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र आतडे ज्या क्रमाने बरे होते त्याच क्रमाने अन्न द्यावे लागते, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच घाई होते.

टायफॉइडमध्ये आतड्याला इतके महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात संरक्षक पेशींचे पुंजके असतात. योहान कोनराड पायर या स्विस वैद्याने १६७७ साली त्यांचे वर्णन केले म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. अन्नाबरोबर आत काय आले याची पारख करून शरीराला सावध करणे हे या पुंजक्यांचे काम असते. टायफॉइडचा जिवाणू शरीरात शिरतो तो बहुतांशी याच पुंजक्यांमधून, आणि आजार बळावला की तिथेच सूज येते व व्रण पडतात. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका साधारणपणे दुखण्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो तो यामुळेच. जुन्या बायका "मुदतीच्या तापात" आणि त्यानंतरही कित्येक दिवस पेज आणि मऊ भातापलीकडे काही देत नसत. त्यांना पुंजक्यांचे नाव ठाऊक नव्हते, पण रोगी कोणत्या दिवसांत बिघडतो हे त्यांनी पाहिलेले होते.

दुसरा घाव औषधाचा असतो. तो अपरिहार्य होता, कारण अँटिबायोटिक्सशिवाय हा आजार जिवावर बेतू शकतो. तेव्हा "एवढी औषधे दिली म्हणून पोर खंगले" असे कोणी म्हणत असेल तर ते मनाला लावून घेऊ नये. मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज २०१६ साली मांडला गेला आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा चोथा आंबवून ते ब्यूटिरेटसारखी आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः याच ब्यूटिरेटवर जगतात आणि ते अस्तर घट्ट राहिले तरच नको ते पदार्थ रक्तात शिरत नाहीत. अँटिबायोटिक्समध्ये रोगजंतूंबरोबर हा गोतावळाही मरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना केवळ चार दिवस तीव्र अँटिबायोटिक्स देण्यात आली. त्यांचे जिवाणू दीड महिन्यात बरेचसे पूर्ववत झाले, तरी पूर्वी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही परतल्या नव्हत्या. आपल्या मुलाला होऊन गेले आहेत ते तीन आठवडे, म्हणजे तो अजून वाटेतच आहे.

माझ्या भावाच्या वेळी आमच्याकडून चूक झाली ती अशी. ताप उतरून दहा दिवस झाले होते, तोंडाला चव आली होती, आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांनी "आता ताकद आली पाहिजे" म्हणून मटकीची झणझणीत उसळ, भाकरी आणि वर सुक्या मेव्याचे लाडू असा आग्रह केला. त्याच रात्री त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि पुढचे चार दिवस जुलाब झाले. दैवाने छिद्र वगैरे काही नव्हते, परंतु कमावलेले दोन किलो वजन गेले. उसळ आणि भाकरी वाईट नव्हती. सोललेल्या जखमेवर ती लवकर आली होती.

म्हणून चोथ्यापासून सुरुवात करू नये. पोट फुगते आहे तोपर्यंत मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, मेतकूट-भात आणि तूप, मुगाचे कढण, लाल भोपळा किंवा दुधीची शिजवून मऊ केलेली भाजी, नाचणीचे सत्त्व एवढेच असू द्यावे आणि ते दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. कच्चे केळे उकडून त्याची बिनतिखटाची भाजी मी आवर्जून देत असे. ढाक्यातील संशोधकांनी २००१ साली, दीर्घकाळ जुलाब होणाऱ्या बालकांना भाताबरोबर शिजवलेले कच्चे केळे दिले असता ती नुसत्या भातावर ठेवलेल्या बालकांपेक्षा लवकर बरी झाल्याचे दाखवले होते. कच्च्या केळ्यातील न पचणारा स्टार्च हेच त्या ब्यूटिरेट करणाऱ्या जिवाणूंचे खाद्य आहे, आणि तो भुशासारखा आतड्याला खरवडत नाही. दूध प्यायल्याने पोट अधिक फुगत असेल तर आश्चर्य वाटू देऊ नका: दुधातील साखर पचवणारे विकर आतड्याच्या अस्तराच्या अगदी टोकाशी असते आणि आतड्याच्या दुखण्यात ते आधी कमी होते. काही आठवड्यांनी बहुधा ते पूर्ववत होते, तोवर दही आणि ताक सोसते.

पोट शांत झाल्यावर, सलग आठवडाभर नीट शौचाला होऊ लागल्यावर, ताजे दही आणि ताक रोजचे करावे. याबाबतीत एक बारकावा पुष्कळ सुशिक्षित घरांतही माहीत नसतो. कढी उकळली, की विरजणातले जिवाणू मरतात. इडलीत आणि शिजवलेल्या आंबिलीतही ते जिवंत राहत नाहीत. आंबवण्याने धान्यातील लोह व जस्त शरीराला सुलभ होतात, म्हणून ज्वारीचे पीठ रात्रभर ताकात भिजवून केलेली आंबील उत्तमच आहे, परंतु जिवंत जिवाणू हवे असतील तर ती निवल्यावर तिच्यात वाटीभर ताजे ताक मिसळावे. दह्यातील जिवाणू आतड्यात कायमचे घर करत नाहीत, येतात आणि काम करून जातात, त्यामुळे रोज थोडे घेण्याला अर्थ आहे, एकदम पातेलेभर घेण्याला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली ३६ जणांवर झालेल्या प्रयोगात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातील दाहाच्या खुणा उतरल्या. याउलट, इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ सालच्या अभ्यासात अँटिबायोटिक्सनंतर प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत उपयुक्त जिवाणूंच्या, कॅप्सूल घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिल्या असतील तर गोष्ट वेगळी, एरवी महागड्या कॅप्सूलपेक्षा घरच्या विरजणावर माझा अधिक भरवसा आहे.

त्यानंतर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, चोथा पायरीपायरीने वाढवावा. आधी ज्वारीची मऊ भाकरी ताकात कुस्करून, मग मोड आणून पूर्ण शिजवलेले मूग, मग मटकी आणि पालेभाज्या. मोड आलेली कडधान्ये या मुलाला सध्या कच्ची देऊ नयेत.

प्रथिनांची हेळसांड मात्र पहिल्या दिवसापासून होऊ नये, कारण संरक्षक पेशी आणि प्रतिपिंडे प्रथिनांचीच बनतात, आणि वजन उतरले आहे ते बरेचसे स्नायू झडून. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. दुखण्यातून उठलेल्याला त्याहून अधिक. ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे ७ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात, तेव्हा ५२ किलोच्या मुलाला दोन वेळचे पातळ वरण पुरणार नाही. आपल्याकडे चालत असेल तर उकडलेली अंडी आणि बिनतिखटाचे मासे लवकर सुरू करावेत; शाकाहारी असाल तर घट्ट वरण, दही आणि ताजे पनीर यांवर भर द्यावा.

गुळवेलीबद्दल आपण शेवटी विचारले आहे. ती निसर्गाची आहे म्हणून निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, टायफॉइडमध्ये यकृतही बहुधा थोडेफार सुजलेले असते, म्हणून या दोन महिन्यांत कोणताही काढा रोज देऊ नये. फोडणीतली हळद पुरेशी आहे.

ताप पुन्हा आला तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण टायफॉइड बरा झाल्यासारखा वाटून दोन-तीन आठवड्यांनी उलटू शकतो. काळे किंवा रक्ताचे शौच आणि पोटात सतत कळ यांनाही हेच लागू आहे. विडाल ही टायफॉइडची रक्तचाचणी बरे झाल्यावरही बरेच दिवस सकारात्मक येत राहते, तिच्या आकड्यावरून घाबरू नये. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, अनशापोटी घ्यावे. सहा आठवड्यांत दोन किलोही भरून आले नाहीत तर हिमोग्लोबिन आणि जीवनसत्त्व ब-१२ तपासण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. आणि तो वसतिगृहात परत जाण्याआधी टायफॉइडच्या लसीबद्दल त्यांना अवश्य विचारावे, कारण हा आजार एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही असे नाही, आणि तिथल्या मेसचे पाणी अजून तेच आहे.