कोळंबी भरलेल्या तळलेल्या कॅनापेच्या वाट्या पाहुण्यांसमोर जाईपर्यंत मऊ का पडतात?

वाटी बहुतेक वेळा नीटच असते. घात करतं ते कोळंबीचं पाणी आणि भरायची घाई. धाकट्या दिराच्या साखरपुड्याला मी 80 वाट्या तळल्या होत्या. मैद्यात मूठभर रवा, कडकडीत तेलाचं मोहन, घट्ट पीठ, पातळ लाटी. साच्यात बसवून काट्याने टोचे मारले आणि साच्यासकट मंद आचेवर सोडल्या. वाटी आपोआप साच्यातून सुटली की उलटून बदामी रंगावर काढायची. टोचे मारायचे राहिले तर तळ फुगतो, आणि आच मोठी ठेवली तर रंग येतो पण पिठातलं पाणी आतच राहतं. माझ्या वाट्या दुपारी खणखणीत वाजत होत्या.

मोठ्या जाऊबाईंनी उकडलेल्या कोळंबीत मेयोनीज कालवून चार वाजताच सगळ्या भरून ठेवल्या. पाहुणे आले सात वाजता. पहिल्याच ताटातल्या वाटीचा तळ सुटला आणि सारण एका पाहुणीच्या पैठणीवर पडलं. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वाट्या कच्च्या राहिल्यात गं." त्या कच्च्या नव्हत्या. आज दहा वर्षांनीही मी हेच सांगेन.

सिंगापूर-मलेशियातल्या पेरानाकन घरांत पाय टी करतात. तापलेला पितळी साचा पातळ पिठात बुडवून तळतात, की टोपीसारखी वाटी तयार होते. तीसुद्धा ताटात वाढतानाच भरतात, कित्येकदा पाहुणे स्वतःच भरून घेतात. कुठलीही तळलेली वाटी ओलं सारण तीन तास सांभाळत नाही.

कोळंबीच हवी असेल तर छोटी करंदी घ्या. हळद-मीठ लावून दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी टाका, मग लसणावर मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटंच परता. जास्त परतलीत तर वातड होते. पूर्ण गार झाल्यावरच भरा, कारण वाफेनेही वाटी नरमते. मेयोनीज अजिबात नको, कोळंबीची चवच मारतं ते.

खरं तर मला त्या दिवशी सुका जवळा, म्हणजे वाळवलेली इवलीशी कोळंबी, भरायचा होता. जुलै महिना, मासेमारी बंद, ताजी कोळंबी मिळणार कुठून? जवळा चाळून वाळू काढायची, मंद आचेवर कुरकुरीत भाजायचा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट घालून भरड करायची. ओलाव्याचं नाव नाही. बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू वाढताना वरून. जाऊबाई म्हणाल्या, "साखरपुड्याला सुकट? घरभर वास सुटेल." वास येतोच, खिडक्या उघडून भाजा. पण पावसाळ्यात ज्या जवळ्यावर आपण वाढलो, तो चार लोकांसमोर ठेवायची लाज कसली? बर्फातली बेचव कोळंबी मात्र चालते! पुढच्या 31 डिसेंबरला मी जवळ्याच्याच वाट्या केल्या, आणि घरात दुसरं काही कुणी मागितलं नाही.

रिकाम्या वाट्या पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर आठवडाभर टिकतात. पावसाळ्यात मात्र फार तर दोन दिवस आधी करा. आणि हो, ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना जवळाही देऊ नका. त्यांच्यासाठी बटाट्याच्या वाट्या वेगळ्या ताटात, वेगळ्या तेलात तळून ठेवा.