फोटो खोटे असतात हे कळूनही मुलगी आरशासमोर का रडते?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला इन्स्टावरचे फोटो फिल्टर लावलेले असतात हे चांगलं कळतं, तरी ती स्वतःला कुरूप म्हणते. तिच्या कृष्णवर्णीय मैत्रिणीला मात्र याचं काही वाटत नाही, असं कसं? मी न्यू जर्सीत एका शाळेत समुपदेशन करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्यातला.

मेलिसा मिल्की या समाजशास्त्रज्ञ बाईंनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शाळकरी मुलींच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मासिकांतल्या मुली खऱ्या नसतात, हे गोऱ्या मुलींनाही ठाऊक होतं. पण वर्गातली मुलं, मैत्रिणी आपल्याला त्याच मापाने मोजतात, असं त्यांना वाटे. आपण नाही मानलं तरी बाकीचे मानतात ना! कृष्णवर्णीय मुलींचं म्हणणं, ही गोऱ्यांची मासिकं, आमचा काय संबंध? आणि आपली माणसंही आपल्याला त्या मापाने बघत नाहीत, याची त्यांना खात्री होती. खरी गोम इथे आहे. ज्यांच्या मताची पोरीला पडलेली असते, ते काय म्हणत असतील ही शंका तिला पोखरते.

म्हणून त्या मैत्रिणीला काहीच टोचत नाही असं समजू नका. तिचं दुखणं वजनात नसेल, केसांत असेल. नैसर्गिक केस आणि वेण्यांवरून शाळेत, नोकरीत होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला, त्याच वर्षी न्यू जर्सीनेही. कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

आणि वंश म्हणजे काही कवच नव्हे. फिजी बेटांवर भरदार अंगाचं कौतुक असे. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. संशोधक अॅन बेकर यांनी टीव्ही आला तेव्हा एकदा आणि १९९८ मध्ये पुन्हा पाहणी केली, दुसऱ्या वेळी वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलट्या करणाऱ्या शाळकरी मुली ११.३ टक्के निघाल्या. आधीच्या पाहणीत एकही नव्हती.

आपल्या मुलींना तर दोन मापं. शाळेत सडपातळ गोरी मैत्रीण, आणि घरी व्हिडिओ कॉलवर आजी: “उन्हात खेळून किती काळवंडलीस गं!” माझ्याकडे येणाऱ्या देशी मुली वजनाआधी बोलतात ते ओठांवरच्या लवेबद्दल, हातांवरच्या केसांबद्दल. जूनच्या उकाड्यात अंगात जाड स्वेटशर्ट, बाह्या पार अंगठ्यापर्यंत ओढलेल्या. विचारलं तर म्हणणार, “थंडी वाजते.”

तेव्हा ‘ते सगळं खोटं असतं’ हे पालुपद बंद करा, तिला ते तुमच्याआधी कळलंय. त्याऐवजी विचारा, तू अशी दिसावीस असं नेमकं कोणाला वाटतं? आधी ‘सगळ्यांनाच’ असं उत्तर येईल. थोडं खोदलंत की एकदोन नावं उरतात, आणि त्या नावांबद्दल बोलता येतं. त्यात घरचं कुणी निघालं तर त्यांच्याशी बोलायचं काम तुमचं, तिच्यावर ढकलू नका. मात्र ती जेवण टाळत असेल किंवा जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावत असेल, तर गप्पांत वेळ घालवू नका. मुलांच्या डॉक्टरांची या आठवड्यातलीच वेळ घ्या.